दीक्षाभूमीचा जुना फोटो आणि दोन देशांची कॅलेंडरं

एक साधं काम देते. मराठी विकिपीडियावर धम्मचक्र प्रवर्तनाबद्दलच्या लेखात तुम्हाला १४ ऑक्टोबर १९५६ चा एक फोटो टाकायचा आहे. बाबासाहेब, माईसाहेब आणि समोर पसरलेला समुदाय. फोटो शोधायला त्रास नाही. गुगलवर शंभर ठिकाणी आहे. जरीपटक्याहून इंदोऱ्याकडे निघालात तर ऑक्टोबर महिन्यात वाटेतल्या फ्लेक्सवर दिसेल, आणि कितीतरी घरांत तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला आहे. मग टाकता येईल ना?

भारतातल्या हिशेबाने हो. पण विकिपीडियाचे फोटो जिथे साठवले जातात त्या विकिमीडिया कॉमन्सच्या नियमाने उत्तर आहे, ‘अवघड आहे’. गंमत म्हणजे जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्या परिषदेचा फोटो मात्र चालतो. माणूस तोच, शहर तेच, मध्ये चौदा वर्षं. हा फरक कुठून आला, ते आज बघू.

तुम्ही म्हणाल, आम्हाला संशोधन करायचंय, विकिपीडियाशी आमचं काय देणंघेणं? माझंही असंच होतं. पण सिनॉप्सिस किंवा सेमिनारच्या स्लाइडवर आकृतीखाली ‘सोर्स: गुगल’ लिहिणारे आपणच असतो. आपल्याला कोर्सवर्कमध्ये वाङ्मयचौर्य शिकवतात, कॉपीराइट कोणी नीट शिकवत नाही, आणि दोन्ही एकच असं आपण धरून चालतो. श्रेय न देता वापरणं म्हणजे वाङ्मयचौर्य. परवानगी नसताना वापरणं हा कॉपीराइटचा प्रश्न. मूळ लेखकाचं नाव ठळक अक्षरात लिहूनही तुम्ही कॉपीराइट मोडू शकता. आणि शंभर वर्षांपूर्वीचं मुक्त झालेलं चित्र स्वतःच्या नावावर खपवलंत तर कॉपीराइट शाबूत राहतो, चोरी मात्र होते. हा भेद मला जर्नलपेक्षा विकिपीडियावरच्या अनोळखी स्वयंसेवकांनी जास्त शिकवला.

इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. सुरुवातीचा परवाना होता ‘जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स’. नावातच कळतं की तो मुळात सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी लिहिला होता. त्यात एक अट अशी की मजकूर पुन्हा छापलात तर परवान्याचा पूर्ण मजकूरही सोबत द्यायचा. पुस्तकासाठी ठीक आहे हो, पण एका फोटोचं पोस्टकार्ड काढायचं असेल तर? पोस्टकार्डामागे काही पानांचा कायदेशीर मजकूर चिकटवायचा! हा घोळ जून २००९ मध्ये मिटला, विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि याच अटींवर पुढे द्या’ या परवान्याकडे वळला.

पण फोटोंचं खरं वळण त्याआधीचं आहे. पहिल्या काही वर्षांत लोक काहीही चढवायचे. कोणी ‘फक्त विकिपीडियासाठी परवानगी घेतली आहे’ म्हणून, कोणी ‘शैक्षणिक वापरासाठी चालेल’ म्हणून. सप्टेंबर २००४ मध्ये सगळ्या भाषांच्या सामाईक चित्रांसाठी कॉमन्स सुरू झालं, तिथे पहिल्यापासून फक्त मुक्त चित्रं. मग मे २००५ मध्ये जिमी वेल्स यांनी इंग्रजी विकिपीडियासाठी जाहीर केलं की ‘फक्त विनाव्यावसायिक’ आणि ‘फक्त विकिपीडियाला परवानगी’ असलेली चित्रं यापुढे चालणार नाहीत, काढली जातील. लोक चिडले. ज्ञानकोश तर पैसे कमवत नाही, मग विनाव्यावसायिक चित्राने काय बिघडतं?

इथे मराठीत आपली एक सोय आहे. इंग्रजीत एकाच शब्दात अडकलेले दोन अर्थ आपल्याकडे वेगळे आहेत: फुकट आणि मुक्त. विकिपीडिया फुकट आहे ही दुय्यम गोष्ट. तो मुक्त आहे, म्हणजे उद्या कोणीही त्यातला लेख घेऊन, बदलून, छापून विकू शकतो. महालमधल्या एखाद्या प्रकाशकाने मराठी विकिपीडियावरचे लेख घेऊन शाळकरी मुलांसाठी ऐंशी रुपयांचं पुस्तक काढलं, तर ते त्याने करावं अशीच रचना आहे. आता त्यातले निम्मे फोटो ‘विनाव्यावसायिक’ असतील तर त्याने ते एकेक करून उपटायचे का? लेख मुक्त आणि चित्र बांधलेलं, असा संसार चालत नाही. मला स्वतःला ही भूमिका पटायला वेळ लागला. पण एकदा पटली की पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात हे दिसतं.

२३ मार्च २००७ ला विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने हे सगळ्या भाषांना लागू केलं. ठरावाचा गाभा असा: सगळ्या प्रकल्पांत मुक्त सामग्रीच असेल. एखाद्या भाषेच्या विकिपीडियाला अमुक्त चित्रं ठेवायचीच असतील तर त्यांनी स्वतःचं लेखी अपवाद-धोरण करावं, तेही अगदी अरुंद. इतिहासात महत्त्वाच्या घटना, लोगोसारख्या गोष्टींची ओळख, आणि समकालीन कलाकृतींवरचे लेख, एवढ्यापुरतंच. जिवंत माणसांचे फोटो साधारणपणे यात बसत नाहीत, कारण जिवंत माणसाचा नवा फोटो कोणीतरी काढू शकतो. ज्या भाषेत धोरण नसेल तिथली अशी चित्रं वर्षभरात काढायची होती. जर्मन आणि स्पॅनिश विकिपीडियाने अपवादाच्या वाटेलाच न जाणं पसंत केलं.

मराठी लेखकांवरचे, शास्त्रज्ञांवरचे लेख बिनचेहऱ्याचे का असतात, याचं एक कारण हे आहे. माणूस हयात आहे, वर्तमानपत्रात फोटो ढिगाने आहेत, पण मुक्त एकही नाही. उलट हिंदी सिनेमातले नट-नट्या बघा, विकिपीडियावर बहुतेक जण कुठल्यातरी प्रीमियरला किंवा पार्टीत हसताना दिसतात. त्याचं कारण बॉलीवूड हंगामा या संकेतस्थळाने आपल्या छायाचित्रकारांनी समारंभांत काढलेले फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली वापरायला परवानगी दिली. सिनेमातली दृश्यं त्यात येत नाहीत, म्हणून पार्टी! मंत्र्यांचे फोटो बरेचसे पत्र सूचना कार्यालयाचे, केंद्र सरकारने २०१७ मध्ये अधिसूचित केलेल्या मुक्त डेटा परवान्याखाली. म्हणजे ज्ञानकोशात कोणाचा चेहरा दिसतो आणि कोणाचा नाही, हे त्या माणसाच्या महत्त्वावर कमी आणि कोणीतरी परवान्याचा कागद केला की नाही यावर जास्त ठरतं.

आता कायदा. ‘फेअर यूज’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो अमेरिकेचा आहे. १८४१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांच्या छपाईवरून तिकडे एक खटला झाला, त्यात न्यायमूर्ती स्टोरींनी या विचाराची मांडणी केली, आणि १९७६ च्या कायद्यात तो कलम १०७ म्हणून आला. वापराचा हेतू काय, मूळ कृती कशी आहे, त्यातलं किती घेतलं, बाजारावर काय परिणाम होतो, असे चार निकष लावून न्यायालय ठरवतं. आधीपासून यादी नाही. भारतात ‘फेअर डीलिंग’ आहे, १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२, आणि तिथे यादी आहे: संशोधनासह खासगी वापर, टीका वा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, वर्गात शिकवताना लागणारी प्रत, वगैरे.

ही यादी कोरडी वाटते, पण ती आपल्याला वाचवते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दुकानवाला प्राध्यापकांच्या यादीप्रमाणे पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून संच विकत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले तरी शिकवण्यासाठी प्रती काढण्याचं तत्त्व उचलून धरलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तुमच्या हातातले झेरॉक्सचे संच या ‘शिकवताना’ शब्दावर उभे आहेत. पण बघा, वर्गातली ही सूट ज्ञानकोशाला मिळत नाही. विकिपीडिया वर्ग नाही, आणि त्याचा पुढचा वापरणारा तर मुळीच विद्यार्थी असेल असं नाही.

आता आपल्या फोटोकडे परत.

१९५८ च्या जानेवारीत आजचा कायदा लागू झाला. त्याआधी १९१४ चा होता, ब्रिटिश कायद्यावरून घेतलेला, आणि त्यात फोटोचा कॉपीराइट निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. १९५८ पूर्वीच्या भारतीय फोटोंना कॉमन्सवर हाच हिशेब लावतात. त्यामुळे १९५६ चा फोटो २००६ च्या अखेरीस भारतात मुक्त झाला. छायाचित्रकार कोण, त्याचे वारस कुठे, काही बघायची गरज नाही. इथपर्यंत सोपं आहे.

पण विकिमीडिया फाउंडेशन अमेरिकेत आहे, सर्व्हरही तिथे. म्हणून कॉमन्सचा नियम आहे की चित्र मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त हवं. आणि अमेरिकेने १९९४ मध्ये उरुग्वे फेरीच्या व्यापार करारानंतर एक कायदा केला. त्याचा परिणाम असा की परदेशातली जी प्रकाशित कृती १ जानेवारी १९९६ या दिवशी तिच्या मायदेशात कॉपीराइटखाली होती, तिला अमेरिकेत संरक्षण परत मिळालं, आणि जुन्या कृतींसाठी ते प्रकाशनापासून ९५ वर्षं. आता दोन फोटो शेजारी ठेवा. १९४२ अधिक ५० म्हणजे १९९२. १९९६ उजाडला तेव्हा परिषदेचा फोटो भारतात मुक्त झालेला होता, म्हणून अमेरिकेतही मुक्त राहिला. १९५६ अधिक ५० म्हणजे २००६. १९९६ मध्ये दीक्षेच्या फोटोची दहा वर्षं बाकी होती. तो त्याच वर्षी छापला गेला असेल तर अमेरिकेच्या कॅलेंडरप्रमाणे २०५१ संपेपर्यंत बांधलेला. भारतीय फोटोंसाठी रेघ पडते ती १९४६ वर. त्याआधीचा निर्धास्त चढवा, नंतरचा असेल तर थांबा. स्वातंत्र्य, फाळणी, संविधान सभा, संयुक्त महाराष्ट्र, धम्मदीक्षा, सगळं या रेघेच्या पलीकडे पडतं.

तिकडेही लोक भांडले. लॉरेन्स गोलन नावाचे एक वाद्यवृंद संचालक होते. प्रोकोफिएव्हसारख्या संगीतकारांच्या ज्या रचना अमेरिकेत मुक्त होत्या त्या अचानक बांधल्या गेल्या, छोट्या वाद्यवृंदांना परवडेनात. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१२ मध्ये हरले. त्यानंतर कॉमन्सवर या कारणावरून चित्रं काढण्याचे प्रस्ताव वाढले. अर्जेंटिना, इस्रायल इथल्या विकिमीडियन लोकांनी २०१४ मध्ये जाहीर नाराजी कळवली: आमच्या देशाचा इतिहास आमच्याकडे मुक्त आहे, तुमच्या कायद्याने तो का पुसायचा? शेवटी व्यवहारात तडजोड झाली. केवळ ‘अमेरिकेचा कायदा लागू होईल’ अशा शंकेवरून फाइल उडवत नाहीत, ठोस आधार लागतो. म्हणूनच १९५६ चे काही फोटो कॉमन्सवर तुम्हाला दिसतीलही. ते भाड्याच्या घरात राहिल्यासारखे आहेत. आज आहेत, नोटीस आली की सांगता येत नाही.

आपल्याकडची कॅलेंडरंही स्थिर नव्हती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. तेव्हा मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं, म्हणजे १९९१ ची अखेर. वर्ष संपायला काही दिवस असताना अध्यादेश निघाला, पुढे १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षं झाली. एका कवीसाठी सगळ्या देशाचं कॅलेंडर दहा वर्षं पुढे सरकलं. मग २०१२ ची दुरुस्ती आली आणि फोटोंचं वेगळं कलमच गेलं. आज तुम्ही मोबाइलवर काढलेला फोटो तुमच्या मृत्यूनंतर ६० वर्षं बांधलेला राहतो. तुम्हाला नको असेल तरी! मुक्त करायचा तर तसं लिहून द्यावं लागतं.

एका बाबतीत आपला कायदा उदार आहे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांचे आणि वास्तूंचे फोटो काढायला, छापायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. दीक्षाभूमीचा आजचा स्तूप २००१ मध्ये खुला झाला, वास्तुरचना शिवदान मल यांची. तरी तुम्ही काढलेला त्याचा फोटो कॉमन्सवर बिनधास्त चालतो. फ्रान्समध्ये नव्या वास्तूबाबत हे सहज जमत नाही. पण भिंतीवरचं रंगवलेलं चित्र या सवलतीत येत नाही, हे लक्षात ठेवा. पुतळा चालेल, म्युरल नाही.

आणि स्कॅनबद्दल. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २००९ मध्ये कॉमन्सच्या एका सदस्याला कायदेशीर नोटीस धाडली होती, कारण त्याने त्यांच्या संकेतस्थळावरून तीन हजारांवर जुन्या चित्रांच्या प्रती उचलल्या होत्या. कॉमन्स आपल्या मतावर राहिलं: मुक्त झालेल्या सपाट चित्राची जशीच्या तशी प्रत काढून नवा हक्क तयार होत नाही. रविवर्म्यांचं ओलिओग्राफ तुम्ही स्कॅन केलंत म्हणून ते तुमचं होत नाही. संग्रहालयाचंही होत नाही.

आता माझी फजिती, कारण ती तुमचीही होणार आहे. मी परागकणांवर काम करते. पहिल्या पेपरमधली एक इलेक्ट्रॉन मायक्रोग्राफ मी कौतुकाने कॉमन्सवर चढवली. नमुना माझा, मशीनसमोर अर्धी रात्र मी बसलेली, ‘स्वतःची कृती’ असं टिचकी मारून मोकळी झाले. दोन दिवसांत एका स्वयंसेवकाने विचारलं, ही अमुक जर्नलमध्ये छापलेली दिसते, हक्क कोणाकडे आहेत? मी जुना ईमेल उघडला. पेपर स्वीकारला गेल्याच्या आनंदात मी हस्तांतराच्या फॉर्मवर सही केली होती, न वाचता. आकृत्यांसकट सगळं प्रकाशकाचं. फाइल गेली. भांडण्यासारखं काही नव्हतंच. मग त्याच परागकणाची, पेपरात न वापरलेली दुसरी फ्रेम चढवली, ती अजून आहे. आकडे, निरीक्षणं यांना कॉपीराइट नसतो, त्यामुळे छापलेल्या आलेखातला डेटा घेऊन स्वतः नवा आलेख काढता येतो. पण चित्र ते चित्र. प्रबंधाचंही लक्षात घ्या: शोधगंगावरचे प्रबंध विनाव्यावसायिक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिसतात, म्हणजे २००५ च्या त्या निर्णयाप्रमाणे तिथली आकृती तशीच उचलून विकिपीडियावर नेता येत नाही. तुमची स्वतःची असेल आणि हक्क तुमच्याकडेच असतील, तरच तुम्ही ती वेगळ्या परवान्याने देऊ शकता.

हक्कदाराने स्वतः दिलेला परवाना, ही दोन कॅलेंडरांच्या मधून जाणारी वाट आहे. मग १९४६ ची रेघ आड येत नाही. सध्या मी त्याच वाटेवर अडकले आहे. जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवला, पण त्या काळातल्या वस्तीचा मुक्त फोटो मला एकही सापडला नाही. आमच्या गल्लीतल्या एका अंकलकडे आहे. १९५१, वडिलांच्या दुकानाचं उद्घाटन, मागे कच्चा रस्ता आणि पत्र्याची शेड. वडिलांनी पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला होता, आणि आपल्या कायद्यात मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे हक्क आता या भावंडांचा. मी अंकलना समजावलं: तुम्ही सगळ्यांनी मिळून एक ईमेल पाठवायचा, परवान्याचं नाव स्पष्ट लिहायचं, ‘विकिपीडियाला वापरू द्या’ एवढं लिहून चालत नाही.

अंकलनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘बेटा, मग उद्या कोणी हा फोटो छापून कॅलेंडर विकलं तर?’

विकू शकतो, मी म्हटलं. खाली तुमच्या वडिलांचं नाव द्यावं लागेल, तेवढंच.

त्यांनी फोटो पुन्हा पिशवीत ठेवला. उल्हासनगरच्या बहिणीला विचारून सांगतो म्हणाले. फोटोत उजवीकडे फ्रॉकमध्ये उभी आहे ती तीच.